परातीचे रविवार

मी परात आहे. पितळेची, जाड काठाची, चांगली दीड हात रुंद. इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या सगळ्यात वरच्या फळीवर, भिंतीला टेकून उभी असते. खालून बघणाऱ्याला माझा अर्धाच चेहरा दिसतो, तोही धुळीतून. पण मी बोलायला लागले की खालच्या ताटवाट्या गप्प बसतात, कारण या घरात माझ्याइतकं हिंडलेलं भांडं दुसरं नाही.

हिंडलेलं म्हणजे खरोखर हिंडलेलं. आगगाडीनं, टांग्यानं, सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधून. पाताळपाणीचा धबधबा मी पाहिलाय, सिमरोलच्या घाटातले फुललेले पळस पाहिलेत. पुरणाचं पातेलं बिचारं अजून मोरीच्या पलीकडे गेलेलं नाही. तुम्ही म्हणाल, परात फुशारकी मारतेय. मारतेय थोडी. पण मला सांगायची आहे ती गोष्ट फुशारकीची नाही. एका माणसानं आपला रविवार कसा सोडला, त्याची आहे. त्याच्याबरोबर माझाही रविवार गेला, म्हणून मला ती नीट ठाऊक आहे.

माझा जन्म याच पेठेतला, इथून तीन गल्ल्या सोडून, एका कसेऱ्याच्या दुकानात. १९४४ सालची गोष्ट. देवासहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले. दुकानदारानं चार हलक्या पराती पुढे केल्या. त्यांनी एकेकीला टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि बाजूला ठेवली. मला टिचकी मारली तेव्हा मी अशी घुमले की शेजारच्या घागरीही दचकल्या.

"हीच द्या," ते म्हणाले.

"साहेब, भारी है. बिटिया उठा लेगी?"

"उचलेल. माझी मुलगी आहे."

मग माझ्या काठावर नाव घातलं. छिन्नीचा एकेक ठिपका अंगात बसत होता. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण अक्षरं सुबक उमटली: 'चि. कुमुदिनीस, आई-बाबांकडून. १९४४.' त्या नावासकट मी या घरी आले.

कुमुदिनी तेव्हा सोळा वर्षांची होती. इंग्रजी शाळेची दोन वर्षं झाली होती आणि तिसरं अर्ध्यावर राहिलं होतं. नवरा गजानन एका कापड गिरणीच्या स्टोअरमध्ये कामाला. माणूस मऊ, हसरा आणि भिडस्त. त्याला नाही म्हणता येत नसे. भाजीवाली म्हणाली, "साहेब, दो सेर ले लो," की हा दोन शेर घेऊन यायचा, मग घरात माणसं दोनच का असेनात.

सुरुवातीची चार वर्षं मी घरातच होते. संक्रांतीला तिळाच्या वड्या थापायला आणि दिवाळीत चकलीचं पीठ भिजवायला मला खाली काढत. उरलेलं वर्षभर मी फळीवर. मग १९४८ साल आलं. होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारत झालं. सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला बसू लागलं. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता गजाननच्या तीन दोस्तांनी पाताळपाणीला जाऊन दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, करायचं ठरवलं. कणीक भिजवायला एवढं मोठं भांडं कुणाकडेच नव्हतं.

"कुमुद, तुझी परात नेऊ का?" गजाननने विचारलं.

"न्या की. संध्याकाळपर्यंत आणा म्हणजे झालं."

संध्याकाळी मी परत आले खरी. पण पुढच्या रविवारी पुन्हा निघाले, त्याच्या पुढच्याही. असे पाच वर्षांचे रविवार गेले, आणि नेऊ का म्हणून विचारणं त्या पहिल्या दिवसानंतर राहूनच गेलं.

आता त्या तिघांची ओळख करून देते. बाबूराव सचिवालयाच्या बारा महिने इंदूरातच राहणाऱ्या कचेरीत हेडक्लार्क, आवाज नगाऱ्यासारखा. त्यांनी साधं 'बसा' म्हटलं तरी माणूस दचकून बसायचा. चिंतामण रेल्वेच्या बुकिंगमध्ये. अंगानं काडी, पण गाडीत चार जागा आणि एका परातीची जागा तो कशीही मिळवायचा. तिसरे उदयसिंह. होळकरांच्या फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. त्यांच्या हातची डाळ अशी की दिवसभर बोटांना वास राहावा.

या मंडळींचा एक कायदा होता. चौघांची चार कामं, आणि एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. कंडे, म्हणजे आपल्या गोवऱ्या, आणि तिकिटं चिंतामणची. डाळ उदयसिंहांची. तूप आणि गप्पा बाबूरावांच्या. कणीक गजाननची, म्हणजे आमची. त्यामुळे एक जरी आला नाही तरी बाकी तिघांचा रविवार बुडायचा. एकदा ताप असतानाही चिंतामण कंडे घेऊन आला आणि दिवसभर घोंगडी पांघरून झाडाखाली पडून राहिला.

गजानन कणीक मळायचा ते बघण्यासारखं असे. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात मूठभर मक्याचं, ओवा, मीठ आणि तुपाचं मोहन. बाह्या वर करून, गुडघे टेकून तो माझ्यावर वाकायचा. घरात आणि गिरणीत सगळ्यांना हो म्हणणारा हा माणूस कणकेपुढे मात्र कुणाचं ऐकत नसे. "अरे भिया, बस झालं, भूक लागली!" असं बाबूराव ओरडायचे; इंदुरात भाऊला भिया म्हणतात. गजानन मान वर न करता म्हणायचा, "अजून नाही." मग गोळे व्हायचे, उकळत्या पाण्यात टाकले जायचे, वर तरंगले की कंड्यांच्या निखाऱ्यात भाजले जायचे. भाजलेले बाफले पुन्हा माझ्यातच यायचे, राख झटकून फोडायला. वर बाबूराव तूप ओतायचे. त्या तुपात न्हाताना मला काय वाटे ते घागरीला सांगून कळायचं नाही.

माझं सुख मी लपवत नाही. पण हा रविवार नुसता रविवारपुरता नव्हता. शनिवारची संध्याकाळ दळण आणि निरोपानिरोपीत जाई. सोमवारी गजानन गिरणीतून जांभया देत परत येई. आणि रविवारी दिवेलागणीला घरी पोचल्यावर कुमुदिनीनं पान वाढलेलं असलं की हा पोटावरून हात फिरवत म्हणे, "अगं, भूकच नाही." ती पान उचलायची. मग मला मोरीत घ्यायची. तूप आणि राख यांचा असा काही थर बसलेला असे की चिंच लावून, नारळाच्या शेंडीनं घासून तिचे खांदे भरून यायचे. पाच वर्षं तिनं ती राख घासली. तेव्हा माझ्या मनात तिच्याबद्दल काही आलं नाही, हे आज कबूल करते.

मधल्या काळात सुमन झाली. ती तीन वर्षांची झाल्यावर कुमुदिनी जवळच्या मुलींच्या शाळेत बालवर्गावर जाऊ लागली, तात्पुरती. सुमनलाही तिथंच बसवी. तिथल्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाई. एक दिवस त्यांनी बोलावून सांगितलं की पुढच्या जूनपासून बालवर्गावरही मॅट्रिक झालेलीच बाई ठेवतील. मार्चमध्ये बाहेरून परीक्षा देता येते. पास झालात तर जागा तुमची, कायमची. नाही तर माझा इलाज नाही, असंही म्हणाल्या.

हे गजाननला दिवाळीनंतरच्या एका रविवारी कळलं. त्या दिवशी गाडी वेळेआधी आली होती. मला कडेवर घेऊन तो घरात शिरला तर सुमन आईच्या मांडीवर झोपलेली, आणि कुमुदिनी एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं बीजगणित करत होती. कागद गिरणीतले, मागची बाजू कोरी असलेले. खोडून खोडून काळे झालेले.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"मॅट्रिकचा अभ्यास."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"अन् मला सांगितलं नाहीस?"

कुमुदिनीनं पेन्सिल खाली ठेवली. "निवांत सांगायचं होतं. गिरणीतून येता तेव्हा तुम्ही दमलेले असता. म्हटलं, रविवारी सांगू. रविवारी तुम्ही नसता."

ती रागावून नव्हती बोलली. बाजारात आज मेथी नव्हती, असं सांगावं तसं बोलली. गजाननने मला खाली ठेवलं आणि कागद उचलले. गणितं बरीचशी चुकली होती. त्याचं गणित चांगलं होतं.

"रविवारी मी घरी राहतो," तो म्हणाला. "सुमनला मी बघतो, स्वयंपाक मी करतो. गणित आपण दोघं बसून करू."

"आणि तुमची मंडळी? तुमच्यावाचून त्यांचं अडेल."

"सांगतो त्यांना."

"सांगा, पण माझं नाव घेऊ नका. ते म्हणतील, बायकोनं कोंडून ठेवला. मग तुम्हालाही वाईट वाटेल आणि मलाही."

झालं. आता त्याला नावही घ्यायचं नव्हतं, मित्रांना दुखवायचंही नव्हतं आणि रविवार तर सोडायचा होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! पुढचे दोन रविवार तो गेलाच. महूच्या स्टेशनवर त्यानं सुरुवात केली, "मी काय म्हणतो..." तेवढ्यात चहा आला. पाताळपाणीला पुन्हा म्हणाला, "एक सांगायचं होतं," तर बाबूराव गरजले, "भिया, सांगणं नंतर, पहले कणीक!" तिकडे मार्च जवळ येत होता.

अखेर परतीच्या गाडीत, मला मांडीवर घेऊन, खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "डॉक्टरनं माझं तूप बंद केलंय. लिव्हरला सूज आहे म्हणतात. आता बाफले चालायचे नाहीत. काही महिने मला येता येणार नाही."

बाबूरावांचा आवाजसुद्धा बसला. "अरे, फिर तो आरामच कर," एवढंच ते पुटपुटले. गजाननच्या मांडीचा ताण सैल झाला, ते मला जाणवलं. सुटलो, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं की हा सुटला आणि मी बुडाले.

दोघंही चुकलो होतो. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता दारावर थाप पडली. दारात तिघंही उभे. बाबूरावांच्या हातात मुगाची डाळ, चिंतामणकडे भोपळा, उदयसिंह कारल्यांची पिशवी घेऊन.

"तूप नाही तर नाही!" बाबूराव म्हणाले. "तू नाही येऊ शकत तर काय झालं, रविवार तर येऊ शकतो ना तुझ्याकडे? वहिनी, तुम्ही बसा हो, आम्ही सगळं करतो."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! त्यांनी मला खाली ओढलं आणि माझ्यात डाळ निवडायला बसले. आम्ही सगळं करतो म्हणणाऱ्या पुरुषांना हिंग कुठं आहे ते विचारायला लागतं, चिमटा विचारायला लागतो, मीठ तर दोनदा विचारायला लागतं. कुमुदिनीनं त्या दिवशी पाच वेळा चहा टाकला. पुस्तक फडताळात कपड्यांखाली होतं, तिथंच राहिलं.

दुसऱ्या रविवारी बाबूराव कुठल्याशा वैद्याचा काढा घेऊन आले. गजाननने तो प्यायला, आणि दिवसभर त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तिसऱ्या रविवारी कुमुदिनीनं सकाळीच चहा करून ठेवला, सुमनला गजाननकडे दिलं आणि पुस्तक पदराखाली घेऊन गच्चीवर गेली. जाताना तिचे डोळे भरलेले होते. आठवड्यातला तिचा एकच दिवस होता तो, आणि हा तिसरा रविवार पाहुण्यांत चालला होता.

त्या दिवशी खिचडी झाली. पानं मांडली. आठवणीनं, गजानन सोडून बाकीच्यांसाठी तूप ठेवलं होतं. बाबूरावांनी वाटी उदयसिंहांकडे सरकवली. त्यांनी ती पुढे ढकलली.

"नको. मी तूप सोडलंय."

"तुम्ही? तुम्हाला काय झालं?" गजाननने विचारलं.

"काही नाही झालं, भिया." उदयसिंह मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "एकट्यानं सोडणं जड जातं. दोघांनी सोडलं की जमतं."

फौजेतला माणूस, आयुष्यभर डाळीला दोन पळ्या तूप घेतलेला. गजाननचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो ताटात ठेवला.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "लिव्हर बिव्हर काही नाही. मी खोटं बोललो तुमच्याशी."

आणि मग सगळं सांगून टाकलं. मॅट्रिक, जून, ती जागा, खोडून काळे झालेले कागद. "मला रविवार सोडायचाय," तो म्हणाला. "तुमचा कंटाळा आला म्हणून नाही. मला तिकडे येणं फार आवडतं, म्हणूनच सांगवलं नाही."

बाबूराव एवढे तापले की माझ्यातली उरलेली डाळ थरथरली. "तीन हफ्ते! तीन हफ्ते मी मूग गिळतोय तुझ्यासाठी! कारल्याचा रस घेतला मी, सोबत म्हणून! अरे, येत नाही म्हणाला असतास तर मी काय गोळी घातली असती? आणि आता बायको अभ्यास करणार आणि नवरा घरी..."

पुढचं वाक्य कुठं जाणार होतं ते सगळ्यांना कळत होतं. पण ते पुरं झालं नाही. कारण चिंतामण, उगाच कुठंतरी बघायचं म्हणून, माझ्याकडे बघत होता. तो पुढे वाकला आणि त्यानं माझ्या काठावरून बोट फिरवलं.

"चि. कुमुदिनीस," त्यानं मोठ्यानं वाचलं, "आई-बाबांकडून." मग मान वर करून म्हणाला, "ही परात वहिनींची आहे?"

"तिच्या लग्नातली," गजानन म्हणाला.

"पाच वर्षं आपण वहिनींच्या परातीत जेवतोय," चिंतामण हळूच म्हणाला, "आणि त्यांना एकदाही या म्हटलं नाही."

मी काठ खाली करू शकले असते तर केला असता. ते नाव पाच वर्षं माझ्याच अंगावर होतं. मी तरी ते कुठं वाचलं होतं?

बाबूरावांनी आपलं वाक्य तिथंच सोडून दिलं. मग म्हणाले, "वहिनी कुठं आहेत?"

"गच्चीवर. अभ्यास करतायत."

बाबूराव उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम हळू आवाजात म्हणाले, "चला. आवाज न करता चला." तिघंही चपला हातात घेऊन जिना उतरले.

पण कायदा तसाच राहिला होता. कणीक कोण मळणार? दोन दिवसांनी गजानन स्वतः बाबूरावांकडे गेला. "एक रविवार येतो, शेवटचा," तो म्हणाला. "माझं काम तुमच्या हातात देऊन जातो." मग घरी येऊन त्यानं कुमुदिनीला विचारलं, "तुझी परात त्यांना ठेवू का? मी जाणार नाही, ती जाईल."

पाच वर्षांनी त्यानं पुन्हा विचारलं होतं. कुमुदिनीनं माझ्याकडे बघितलं. "ठेवा," ती म्हणाली. "घासायची मात्र त्यांनीच."

त्या शेवटच्या रविवारी आम्ही सिमरोलच्या घाटात गेलो. गजानन बाजूला बसला आणि बाबूराव गुडघे टेकून माझ्यावर वाकले. त्यांनी पाणी ओतलं ते भसकन.

"थोडं थोडं."

"थोडंच तर टाकलं!"

"मनगटानं नाही, खांद्यानं दाबा. अजून."

"भूक लागली, भिया!"

"अजून नाही," गजानन म्हणाला, आणि सगळे हसले. बाफले दगडासारखे झाले. उदयसिंहांनी एक फोडायला बुक्की मारली आणि बोट चोखत बसले. पण सगळ्यांनी सगळे खाल्ले, तुपासकट. निघताना गजाननने मला स्वतः घासलं, ओढ्याच्या वाळूनं, आणि बाबूरावांच्या हातात दिलं. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "काठाला धरा, तळाला भाजतं." बस, एवढंच.

मी बाबूरावांच्या घरी राहायला गेले. नंतरच्या रविवारी मंडळींनी नवा कायदा केला. गजाननचा वाटा काढायचा, दोन बाफले आणि डबाभर डाळ, आणि तो माझ्यातच झाकून त्याच्या घरी पोचवायचा. पण दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. चहा विचारला तरी नाही. नगाऱ्याचा आवाज असलेले बाबूराव दर रविवारी उंबऱ्यावर कुजबुजत, "चालू आहे ना अभ्यास? चालू द्या." तेवढी पाच मिनिटं मी माझ्या घरी असे.

पहिल्या रविवारी गजानन धावतच दाराशी आला. गाडीत जागा मिळाली का, धबधब्याला पाणी किती आहे, बाफले तडकले का, सगळं विचारलं. हात पिठानं भरलेले होते, पोळ्या करत होता, सुमन पायाला लोंबकळलेली. मला त्याची दया आली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही त्यानं विचारलं, पण थोडं कमी. मग फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा तो आणि कुमुदिनी भूमितीच्या एका आकृतीवर भांडत होते. रंगात येऊन, डोकी जवळ करून. तो उठून आला, बाफले घेतले, म्हणाला, "बाबूराव, थँक्यू हं," आणि काही न विचारता परत जाऊन बसला. मला फार लागलं ते. घरी परतताना बाबूराव मला म्हणाले, की स्वतःशीच म्हणाले, कोण जाणे, "सुटलं हो त्याचं आता. छान सुटलं."

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. कुमुदिनी पास झाली, गणितात अगदी काठावर. सरोजिनीबाईंनी तिला कायमचं करून घेतलं. त्या संध्याकाळी बाबूराव नव्या कायद्यानंतर प्रथमच उंबरा ओलांडून आत आले, पेढे घेऊन, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, "आता काय अडचण? येत्या रविवारपासून चल!"

गजानन हसला. "नाही, बाबूराव. या सहा महिन्यांत मला घरातला रविवार कळला. आता तो सोडवत नाही. पण वर्षातून दोनदा येईन, पाहुणा म्हणून. तिघं येऊ."

या वेळी त्यानं डॉक्टर काढला नाही. सरळ, नजर वर करून सांगितलं, आणि कुणालाही वाईट वाटलं नाही. मीच काय ती हिरमुसले.

दसऱ्यानंतर ते आले. कुमुदिनी, सुमन आणि तो. पाताळपाणीला पाणी भरपूर होतं. कुमुदिनी उठून काही करायला गेली की उदयसिंह म्हणायचे, "वहिनी, आज हात लावायचा नाही. कायदा आहे." मग ती माझ्याजवळ बसली. बाबूरावांची कणीक आता बरीच सुधारली होती. निखाऱ्यातले बाफले माझ्यात पडले, राख उडाली, तिच्या पदरावर बसली. ती राख तिनं चिमटीत धरली आणि दरीकडे बघत म्हणाली, "पाच वर्षं ही राख घासली मी. कुठली होती, ते आज कळलं."

मग बाबूरावांनी पहिला बाफला फोडून, तूप घालून, तिच्या पानात वाढला.

असे दोन दसरे गेले. १९५६ च्या नोव्हेंबरात मध्यभारत संपलं, राजधानी भोपाळला गेली आणि बाबूरावांचं सचिवालयही. चिंतामणची रतलामला बदली झाली. मंडळ संपलं. कुणी सोडून गेलं म्हणून नाही, हुकूम आला म्हणून. जाण्याआधी बाबूराव मला घेऊन आले. त्यांनी मला गजाननकडे दिलं नाही. कुमुदिनीच्या हातात ठेवलं. "वहिनी, तुमची अमानत. मीच घासलीय."

म्हणून मी आता इथं, वरच्या फळीवर. खाली रविवारी गजानन लहान ताटात तिघांपुरती कणीक मळतो आणि कुमुदिनी वह्या तपासते. मी तिघांना मोठी पडते. आधी मला ते फार टोचायचं. आता नाही. गजाननने सोडलं तसं मलाही सोडता आलं पाहिजे, रुसून न बसता आणि आजाराचं सोंग न आणता.

तुम्हाला एकच विनंती. कुणाच्या घरातून भांडं न्याल, तर नेण्याआधी त्याच्या काठावरचं नाव वाचत जा. दर वेळी वाचा. मी पाच वर्षं वाचलं नाही.

आता थांबते. कुमुदिनीनं स्टूल ओढलंय. आज रविवार आहे, उदयसिंह जेवायला यायचेत, आणि त्यांच्या पिशवीत कंडे आहेत असं सुमन खिडकीतून ओरडतेय. कुमुदिनीनं माझा काठ धरला. नावावरची धूळ आधी पुसली.